ओसाड कुणाला म्हणता?

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आले. एका कंपनीची माणसं, एकसारखे टी-शर्ट, हातात फावडी, मागे बॅनर: ‘ओसाड टेकडी हिरवी करूया’. खाली अंगठे आणि टाळ्यांचा पाऊस. मी फोटो मोठा करून बघितला आणि डोकं फिरलं. सिंहगडाच्या बाजूचा हा उतार मला पाठ आहे. जेसीबीनं त्यावर ओळीनं खड्डे मारलेत.

काही वर्षांपूर्वी याच उतारावर मेंढरं घेऊन आलेले एक धनगर बाबा भेटले होते. मी कॅमेरा घेऊन गवतात काय शोधतेय ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “ताई, खरपुडी बगायची का?” आणि काठीनं गवत हलकेच बाजूला केलं. करंगळीच्या दोन पेरांएवढं फूल. खाली फुगीर, वर सरळ नळी, आणि टोकाला पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला पिंजरा. कंदीलपुष्प! नळीत आतल्या बाजूला खाली झुकलेले केस असतात. बारीक माशी आत शिरते, केसांमुळे तिला वर येता येत नाही. केस सुकले की ती सुटते, परागकण घेऊन पुढच्या फुलाकडे जाते. एवढा सगळा कारभार त्या इवल्याशा फुलात.

बाबा म्हणाले, “ल्हानपणी भूक लागली की कंद उकरून खायचो. पर समदं न्हाई काढायचो. फुडल्या साली काय खायाचं?”

आता हे खड्डे मारणारे. कंद जमिनीत आहेत, तुम्ही जमीनच उलथी केलीत! आणि जे वाचतील त्यांच्यावर उद्या गिरीपुष्प या परदेशी झाडाची सावली. पुण्याच्या किती टेकड्यांवर हे झाड लावून ठेवलंय ते फिरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. खरपुडीला ऊन लागतं, आजूबाजूला गवत लागतं. चार महिने वर येते, बाकीचे आठ महिने जमिनीखाली झोपते. तुम्ही मे महिन्यात येता, पिवळं गवत बघता आणि म्हणता इथं काही नाही. सरकारी नकाशातसुद्धा असे माळ ‘पडीक’ म्हणून रंगवलेले. मग काय, कुणीही यावं, खणावं, प्लॉटिंग करावं.

हो, शहराला झाडं हवीत, उन्हाळा सोसवत नाही, मान्य. रस्त्याकडेला लावा की. तिथं तर तुम्ही रुंदीकरणासाठी तोडताय.

खरपुडी दुसरीकडेही सापडते, हेही खरं. पण तिच्या कुळातल्या कितीतरी जाती सह्याद्री सोडून जगात कुठंच नाहीत. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी घ्या. एकोणिसाव्या शतकात डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिला मुंबईच्या गव्हर्नर फ्रेअरचं नाव दिलं, आणि आजही ती मोजक्याच कड्यांवर टिकून आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खरपुडीसारखी कंदीलपुष्पं वाढवण्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलंय. रोपं बागेत तयार होतील हो. ती परत लावायची कुठं? उतार शिल्लक राहिला तर ना.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. फोटोतली पोरं मनापासून घाम गाळताना दिसतायत, त्यांच्यावर कशाला चिडू? त्यांना कुणी गवत बाजूला करून दाखवलंच नाही. मला बाबांनी दाखवलं, नाहीतर मीही तुडवूनच गेले असते.

पण ज्यांनी परवानगी दिली, त्यांना माहीत असायला हवं होतं. ते त्यांचं कामच आहे.

नेमकी जागा इथं लिहिणार नाही. कंद उपटून कुंडीत लावणारेही आपल्यातच आहेत, कमेंटमध्ये विचारू नका. खड्डे अजून रिकामे आहेत, रोपं पुढच्या रविवारी येणार म्हणे. त्याआधी मी वनखात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज देणार आहे: खड्डे त्याच मातीनं बुजवा, आणि पावसाळ्यात वनस्पती ओळखणाऱ्या माणसाकडून पाहणी करून घेतल्याशिवाय या उतारावर फावडं लावू नका. सह्या हव्यात. ज्यांनी तिथली पावसाळ्यातली फुलं टिपलीत त्यांनी तारखेसकट फोटो मेसेंजरवर पाठवा, अर्जाला जोडते.