पार्किन्सनच्या गोळ्या बंद करायला सांगणारा तो मेसेज

आत्याने फॅमिली ग्रुपवर टाकला होता. पार्किन्सन म्हणजे फक्त व्हिटॅमिनची कमतरता, बी-सिक्स आणि ई चे मोठे डोस घ्या, मेलेल्या पेशी परत जिवंत होतात, साइड इफेक्ट शून्य कारण जास्तीचं लघवीतून निघून जातं, आणि लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनचं नेहमीचं औषध, मेंदू पोखरतं म्हणून त्या गोळ्या पंधरा दिवसांत बंद करा. बाबांना पार्किन्सन होऊन सहा वर्षं झाली. त्यांनी हे वाचलं आणि कुणाला न सांगता दुपारची गोळी घ्यायची सोडली. चौथ्या दिवशी बाथरूमच्या दारात उभे, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, आई हाका मारतेय आणि ह्यांना पाऊल उचलता येत नाही. म्हणून लिहितेय.

आधी गोळ्या बंद करण्याचंच बघू, कारण ह्याने जीव जाऊ शकतो. ह्या आजारात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामिन होतं आणि त्यावर माणूस उठतो, चालतो, घास गिळतो. ते एकदम काढलं तर काहींना जोराचा ताप येतो, अंग लाकडासारखं कडक होतं, शुद्ध हरपते, स्नायूंच्या पेशी फुटून किडनीवर येतं. आणि मेंदू पोखरतं म्हणे! 2019 मध्ये एक ट्रायल छापून आली, 445 पेशंट, काहींना लेव्होडोपा लगेच दिलं, काहींना 40 आठवडे उशिरा, आणि 80 आठवड्यांनी तपासलं तर दोन्ही गटांत फरक नाही. म्हणजे त्याने आजार थांबत नाही, पण वाढतही नाही. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरतो, अंग नको तसं हलायला लागतं, हे खरंय, बाबांचंही होतं. पण त्यावर डॉक्टर डोस आणि वेळा बदलून देतात, गोळी फेकून द्यायची नसते.

व्हिटॅमिन ई चं तर कधीच तपासून झालंय. अमेरिका आणि कॅनडात आजार नुकताच सुरू झालेल्या 800 पेशंटवर ट्रायल झाली, रोज 2000 युनिट ई, निकाल 1993 चा, काहीही फायदा नाही. आजार वाढायचा तो वाढलाच. कोएन्झाइम क्यू-टेन नावाच्या सप्लिमेंटचंही पुढे तेच झालं.

लघवीतून निघून जातं हेही चूक. ई चरबीत विरघळतं, ते शरीरात साठतं. आणि बी-सिक्स पाण्यात विरघळत असलं तरी मोठा डोस महिनोन्महिने घेतला तर पायाच्या नसाच खराब होतात, 1983 मध्येच डॉक्टरांनी असे सात पेशंट नोंदवलेत, रोज दोन ग्रॅम किंवा जास्त घेणारे, त्यांना चालताना तोल सांभाळता येईना. ज्या माणसाचा तोल आधीच जातोय त्याला हे द्यायचं? शिवाय लोह असलेली मल्टिव्हिटॅमिन लेव्होडोपासोबत घेतली तर पोटात दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि औषध नीट शोषलंच जात नाही, त्यामुळे त्यात काही तासांचं अंतर लागतं. हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

बरं, एक गोष्ट मान्य करते. लेव्होडोपा घेणाऱ्यांमध्ये बी-ट्वेल्व्ह कमी निघू शकतं, त्याने पाय बधिर होतात, विसरायला होतं, आणि सगळे म्हणतात पार्किन्सनच वाढला. बाबांचंही कमी निघालं होतं, डॉक्टरांनी सुरू केलं, मुंग्या कमी झाल्या. हात थरथरायचा तो तसाच राहिला. कमी असलेलं भरून काढणं वेगळं आणि मेलेल्या पेशी जिवंत करणं वेगळं, मेसेज लिहिणाऱ्याने दोन्ही एकच करून टाकलंय.

आत्या फोनवर रडली, "अगं मी चांगल्यासाठीच पाठवलं गं." मला माहितीय तिने चांगल्यासाठीच पाठवलं.

तुमच्याकडे कुणी गोळी आधीच बंद केली असेल तर अंदाजाने परत सुरू करत बसू नका, त्यांच्या न्यूरोलॉजिस्टला आजच फोन करा. ताप आलाय आणि अंग कडक झालंय असं दिसलं तर फोनचीही वाट बघू नका, सरळ हॉस्पिटलला न्या, आणि गोळी किती दिवसांपूर्वी बंद केली ते तिथे पोचल्या पोचल्या सांगा.