तंबू पाण्यापासून लांब का उभारले, याविषयी कॅम्पचालकाचे उत्तर

आदरणीय महोदय,

आपण डिसेंबरमधल्या एका शनिवारी पत्नी आणि दोन मुलांसह भंडारदऱ्याच्या जलाशयाजवळील आमच्या कॅम्पवर मुक्काम केलात आणि नंतर दोन तारे देऊन अभिप्राय लिहिलात. छायाचित्रात तंबूच्या दारात पाणी दाखवले होते, प्रत्यक्षात तंबू पाण्यापासून चारशे पावले लांब होता, सकाळी तो आतून ओला झाला होता, जेवण गार मिळाले, स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा नव्हता, राखणदार उद्धटपणे बोलला आणि एकंदरीत ही फसवणूक आहे, असे आपण त्यात म्हटले आहे. जेवणाची आणि दिव्याची तक्रार खरी आहे. त्याबद्दल मी आपली आणि आपल्या कुटुंबाची मनापासून क्षमा मागतो. जेवण साडेसातला तयार होते आणि आपण साडेनऊला पोहोचलात, तरीही ते पुन्हा गरम करून वाढणे हे आमचेच काम होते आणि ते झाले नाही.

पाण्यापासूनच्या अंतराविषयी मात्र मला सविस्तर लिहावे लागेल, कारण त्यावरूनच आपण ‘फसवणूक’ हा शब्द वापरला आहे.

आपण पाहिलेले छायाचित्र आमच्याच जागेचे आहे आणि ते सप्टेंबरमधले आहे. त्या वेळी धरण काठोकाठ भरलेले असते आणि पाणी आमच्या बांधापासून साठ-सत्तर पावलांवर येते. हा जलाशय म्हणजे एका पातळीवर स्थिर राहणारे तळे नाही. प्रवरेवरचे हे धरण १९२६ साली बांधून पूर्ण झाले ते शेतीच्या पाण्यासाठी, आणि त्यात साठणारे सुमारे ११ टीएमसी (म्हणजे ११ अब्ज घनफूट) पाणी पुढे खालच्या निळवंडे धरणातून कालव्यांना जाते. रब्बीचे आवर्तन, म्हणजे हिवाळी पिकांसाठीचे पाणी, सुटले की पाणी मागे सरकू लागते आणि मे महिन्यापर्यंत तर काठ ओळखू येत नाही. आपण आलात तेव्हा पाणी उतरू लागले होते. ते आमच्या हातात नाही, पण छायाचित्राखाली महिना लिहिणे आमच्या हातात होते, हे मी मान्य करतो.

पाणी उतरल्यावर जी जमीन उघडी पडते, तिथे तंबू का नेत नाही, असे आपण विचारले होते. पहिली गोष्ट म्हणजे ती जमीन आमच्या मालकीची नाही, ती धरणाच्या बुडीत क्षेत्रातली आहे. दुसरी गोष्ट अशी की तो सगळा गाळ असतो. वरून तो वाळून भेगाळलेला आणि टणक दिसतो, पण मोठ्या माणसाचा भार पडला की पाय घोट्यापर्यंत आत जातो, आणि आमच्याकडे दर वर्षी एखादे तरी जनावर त्यात रुतते. अशा मातीत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. पहाटे वारा उठला की त्या उपटून येतात आणि झोपलेल्या माणसांवर कापड कोसळते. आमचे तंबू आहेत तिथे मुरूम आहे. खुंटी ठोकताना हाताला झिणझिण्या येतात, पण एकदा बसली की हलत नाही आणि पाणी सांडले तरी जागेवर थांबत नाही.

आता धरण भरलेले असतानाही आम्ही अगदी काठावर तंबू लावत नाही, त्याचे कारण सांगतो. कॅम्प सुरू केला त्या वर्षी मीही हौसेने सहा तंबू पाण्यालगत उभारले होते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री डोंगरावरची थंड हवा जड होऊन उताराने खाली येते आणि सर्वांत सखल जागी, म्हणजे पाण्याच्या कडेला, साठून राहते. तशाच एका रात्री आमच्या पाहुण्यांच्या गोधड्या पिळून काढाव्या लागतील इतक्या ओल्या झाल्या आणि दोन कुटुंबे पहाटे चारला गाडीत जाऊन बसली. माझे चुलते मला आधीपासून सांगत होते की धुके जिथे बसते तिथे माणसाने झोपू नये. त्यांनीच दुसऱ्या दिवशी वरचा टप्पा दाखवला. तो काठापेक्षा दोन पुरुष उंच आहे, त्याच्या मागे कारवीची दाट रांग आहे, आणि सकाळचे ऊन तिथे काठापेक्षा लवकर पोहोचते, त्यामुळे तंबू नऊच्या आत वाळतात. मोठ्या आंब्याच्या सावलीत तंबू का नाहीत, असेही आपण लिहिले आहे. त्या झाडाची एक फांदी वाळलेली आहे आणि वरच्या फांदीवर आग्यामोहोळ बसते. खाली शेकोटीचा धूर झाला तर काय होईल, हे मला येथे लिहायची गरज नाही.

तंबू आतून ओला होता, हे खरे आहे. तो गळका मात्र नव्हता. त्या रात्री पाऊस नव्हता. चार माणसे बंद तंबूत रात्रभर श्वास घेतात, ती वाफ थंड कापडाला लागून तिचे थेंब होतात आणि ते कडेने ओघळतात. म्हणूनच प्रत्येक तंबूच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या झडपा आम्ही चार बोटे उघड्या ठेवतो. आपल्या तंबूच्याही ठेवल्या होत्या. मुलांना थंडी वाजेल म्हणून आपण त्या बंद केल्यात. आई-वडील म्हणून ते मी समजू शकतो, पण झडपा का उघड्या आहेत हे आमच्या मुलाने आपल्याला सांगायला हवे होते आणि त्या घाईत ते राहून गेले.

घाई का झाली, हेही नोंदवणे मला आवश्यक वाटते. आम्ही बुकिंग करतानाच चार ते पाचच्या दरम्यान पोहोचण्याची विनंती करतो, कारण डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्याआधी पाहुण्यांना सगळी जागा पायी फिरवून दाखवता येते. पाणी कुठवर आहे, गाळ कुठून सुरू होतो, तंबू कोणत्या टप्प्यावर हवा, हे उजेडातच ठरते, आणि न पटल्यास त्याच वेळी आम्ही पैसे परत करतो. घोटीच्या पुढे उशीर झाला, हा आपला दोष नाही. परंतु साडेनऊला अंधारात आपल्याला दाखवण्यासारखे आमच्याकडे काही उरले नव्हते.

त्यानंतर रात्री साडेअकराच्या सुमारास आपण आणि आपल्या मोठ्या मुलाने खुंट्या उपटून तंबू पाण्याकडे ओढायला सुरुवात केलीत, ही गोष्ट आपल्या अभिप्रायात आलेली नाही. आपण ज्यांना उद्धट राखणदार म्हटले आहे, ते माझे हेच चुलते. ते आपल्याला म्हणाले, ‘आरं, पोरं हायेत संगं, तिकडं नको नेऊ.’ आमच्या भागातली वडीलधारी माणसे आपल्यासारख्या वयाने लहान माणसाशी अशीच एकेरीत बोलतात आणि त्यात अपमानाचा हेतू नसतो. तरीही शहरातून आलेल्या पाहुण्याला ते लागू शकते, हे मला कळते, आणि त्याबद्दल त्यांच्या वतीने मी क्षमा मागतो. आपला अभिप्राय मी त्यांना वाचून दाखवलेला नाही.

दुसऱ्या ठिकाणी पाण्याला टेकून तंबू मिळतात, असे आपण म्हणता. मिळत असतील, मी कोणाविषयी बोलणार नाही. आपल्याबरोबर मुले असतात म्हणून एवढेच सुचवतो की, पुढच्या वेळी कुठेही जाल तेव्हा पाणी किती जवळ आहे याच्याआधी जमीन मुरमाड आहे की गाळाची, वाऱ्याला आडोसा कशाचा आहे, स्वच्छतागृहाचे पाणी जलाशयाकडे तर जात नाही ना आणि रात्री अडचण आली तर गाडी तंबूपासून किती अंतरावर उभी असेल, हे विचारून घ्या. हे प्रश्न आम्हाला कोणी विचारले तर आनंद होतो, कारण आमची मेहनत त्यातच आहे.

स्वच्छतागृहाच्या वाटेवर सौर दिवे लावण्याचे काम लवकरच हाती घेत आहोत, छायाचित्रांखाली महिना लिहिण्यास माझ्या पुतण्याला सांगितले आहे, आणि उशिरा येणाऱ्यांच्या जेवणाचीही काहीतरी नीट व्यवस्था करू. दराबद्दल आपण जे लिहिले आहे, त्यावर विचार करू.

आपला अभिप्राय आल्यापासून दोन गटांनी बुकिंग रद्द केले आहे आणि दोघांनीही फोनवर तोच एक शब्द उच्चारला. आमचे वर्ष काजव्यांच्या दिवसांवर आणि या थंडीच्या दोन-अडीच महिन्यांवर चालते, कारण पावसाचा जोर असताना आम्ही स्वतःहून कॅम्प बंद ठेवतो. दोन तारे आपण तसेच ठेवावेत, गार जेवण आणि अंधारी वाट हेही लिहिलेले राहू द्यावे. ‘फसवणूक’ हा शब्द तेवढा काढावा, अशी आपल्याला हात जोडून विनंती आहे.

आपला नम्र,
कॅम्पचालक, मुरशेत बाजू, भंडारदरा