घरबसल्या शिकणारे कोण?

घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद. विद्यापीठं आणि कारखान्यांनी मिळून कामाला जोडलेल्या पदव्या काढाव्यात, अशी बातमी कुणीतरी टाकली. आबाकाकांचा लगेच शेरा : "घरबसल्या पदवी घेणाऱ्यांना कंपनीत कशाला घुसवायचं?" खाली अंगठ्यांची रांग.

घरबसल्या! भाचा चाकणला कंत्राटी कामाला, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतोय. रात्रपाळी सुटली की कंपनीच्या बसमध्ये पुस्तक उघडतो. त्याला आणखी कुठे घुसवणार?

इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला, आमच्या गोदामातली एक टीम लीडर दोन मुलं सांभाळून ओपन युनिव्हर्सिटीची डिग्री अप्रेंटिसशिप, म्हणजे नोकरी करता करताच पदवी, करते. फी तिच्या खिशातून जात नाही. मोठ्या कंपन्या २०१७ पासून पगारखर्चावर अप्रेंटिसशिपसाठीची लेव्ही, म्हणजे एक कर, भरतात, त्यातून जाते. शिकण्यासाठी ठरलेले तास, तेही ड्यूटीतच. दर तीन महिन्यांनी टीम्सवर व्हिडिओ बैठक : ती, तिची ट्यूटर आणि तिचा मॅनेजर म्हणून मी. मागच्या खेपेला ट्यूटरने थेट मलाच विचारलं, डिसेंबरात हिचे तास का कमी भरले? ख्रिसमसची गर्दी होती, दुसरं काय सांगणार! पण जाब मॅनेजरला द्यावा लागतो, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. तीस किंवा जास्त माणसं असली की अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. पण १९६१ च्या त्याच कायद्याचं कलम १८ म्हणतं, अप्रेंटिस हा कामगार नव्हे. म्हणजे भाच्याने आहे ती नोकरी सोडायची आणि स्टायपेंडवर यायचं. इथे जुना माणूसही पगार चालू ठेवून अप्रेंटिस होतो.

आणि हे आबाकाकांना मी सांगायचं? स्वतः साताऱ्याला 'कमवा आणि शिका'त शिकले, कर्मवीरांचं नाव निघालं की अजून हात जोडतात.

रात्री दीडला हे सगळं ग्रुपवर टाकलं. मास्टर्स पातळीच्या अप्रेंटिसशिपचा सरकारी पैसा २०२६ च्या जानेवारीपासून एकविशीपुढच्या बहुतेक नव्या उमेदवारांना बंद झाला, एवढं मात्र गाळलं. माझा पगार इथे, कर इथे, पण इथल्या त्या निर्णयावर मी कुणाशी चकार शब्द बोललेलो नाही. भांडायला मला चाकणच लागतं.

सकाळी भाच्याचा मेसेज : "मामा, कलम राहू दे. परीक्षेला रजा टाकली की पगार कापतात, तेवढं थांबलं तरी बास."