उंटावर चढायचंय? आधी दोन इंच लिफ्ट करा

नवी थार किंवा जिम्नी घेऊन ती लगेच आणखी उंच करायला निघालेल्या वीरांनो, सर्वप्रथम अभिनंदन. गाडीचं पहिलं सर्व्हिसिंगसुद्धा झालेलं नाही आणि ती बुटकी असल्याचं तुमच्या लक्षात आलं. कंपनीतल्या इंजिनिअरांना हे कळलं नव्हतं. ते बिचारे वर्षानुवर्षं स्प्रिंगा दाबून बघत बसले, खड्ड्याखड्ड्यांतून गाड्या हाणत बसले. तुम्हाला मात्र दीड मिनिटाच्या रीलमध्ये उमगलं की दोन इंच कमी पडताहेत. अशी नजर सगळ्यांना नसते.

त्यातून तुम्ही राहता गोव्यात. पर्वरीहून पणजी, पणजीहून मॉल, मॉलहून परत पर्वरी. एवढा खडतर मार्ग कंपनीच्या उंचीवर कुणी करतं का?

मी खरं तर या विषयातला माणूस नव्हे. माझ्याकडे जुनी पांढरी हॅचबॅक आहे. तेरा वर्षांत तिच्यात केलेला एकमेव बदल म्हणजे पायाखालचं मॅट. पण भाऊबीजेच्या संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर जे झालं त्यानंतर मी डिचोलीतल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीच्या गॅरेजात तीन रविवार काढले, आणि आता फुकट सल्ला देण्याइतका तयार झालोय.

तर लिफ्ट, म्हणजे गाडी चाकांवर आणखी उंच उचलणं. चांगलं किट म्हणजे नव्या स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉक, लांब ब्रेक होज, जमलंच तर बदललेले आर्म. त्यात पैसा जातो आणि खाली वाकून बघितल्याशिवाय काही दिसत नाही. तुमच्या कामाचं नाही ते. तुम्ही स्पेसर घाला. स्प्रिंगला एक जाड चकती लावायची की झालं. सकाळी गाडी द्या, दुपारच्या शीतकढीपर्यंत उंच होऊन घरी.

त्या मेस्त्रीचं मात्र ऐकू नका. त्यानं मला एका उंचावलेल्या थारखाली घातलं. पाठीखाली पोतं, कपाळावर टपकणारं तेल. "हांगा हात घाल," म्हणाला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो ना, डिफरन्शियल, त्याच्याखाली मी वीत लावली. अंगठा जमिनीला, करंगळी गोळ्याला. बरोब्बर बसली. मग त्यानं मला शेजारच्या गाडीखाली घातलं. तीही थारच, पण कंपनीतून आली तशी. तिथेही वीत. तीच वीत!

मेस्त्री नुसता हसला. कागदावर थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची मोकळी उंची, २२६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आपली वीतच. मागचा अॅक्सल, म्हणजे चाकांना जोडणारा आडवा दांडा, या चाकापासून त्या चाकापर्यंत अख्खा. स्पेसर बसतो त्याच्या वरच्या अंगाला. म्हणजे चासी वर गेली, बॉडी वर गेली, सीट वर गेली, सीटवरचे तुम्ही वर गेलात. दगडाला लागणारा गोळा जागच्या जागी. जिम्नीला तर पुढेही अख्खाच अॅक्सल, त्यामुळे तिचे दोन्ही गोळे तुमच्या खर्चाला न जुमानता खालीच. गोळा उचलायचा तर टायर मोठा हवा. थारच्या १८ इंची चाकावरचा टायर उंचीला साधारण ३१ इंच असतो. त्याजागी ३३ इंची घातलात की गोळा किती वर येतो? एक इंच. व्यास दोन इंचांनी वाढतो, गोळा असतो मधोमध, म्हणजे निम्मं. हे चौथीच्या भूमितीत होतं.

आणि त्या एका इंचापायी काय काय होतं? चाक मोठं म्हणजे गिअर आपोआप लांबले. चढावर गाडी धापा टाकते, क्लच जळतो, ब्रेकला जास्त जोर लागतो. काट्यावर ८० दिसतात तेव्हा तुम्ही खरे ८५ च्या वर असता. यावर उपाय एकच, डिफरन्शियलमधले दातेच बदलून फायनल ड्राइव्हचं गुणोत्तर नव्या चाकाला जुळवायचं. ते कुणीही करत नाही, कारण गोळ्याच्या आतले दाते फोटोत येत नाहीत.

उगाच अन्याय नको. लिफ्टनं फायदा होतो. मोठा टायर मडगार्डला घासत नाही, गाडीचं पोट उंचवट्यावर टेकत नाही, नाक जास्त चढावर घुसतं. फक्त थार कंपनीतून येतानाच जवळजवळ ४२ अंशांच्या चढावर नाक घुसवते. पणजीतल्या आल्तिन्योच्या टेकडीवर चहा प्यायला जाणाऱ्या माणसाला त्याहून उभा चढ कुठे भेटतो, ते मला पत्ता देऊन कळवा.

कुळ्याला जा एकदा. दूधसागरला माणसं नेणाऱ्या त्या जुन्या जीपा बघा. पाट्यांच्या स्प्रिंगांच्या गाड्या, सीट फाटलेल्या, ड्रायव्हरच्या पायात रबरी चप्पल. ओहोळात मधोमध धोंडा दिसला की तो माणूस धोंडा दोन चाकांच्या मध्ये घेत नाही. स्टिअरिंग हलकेच वळवतो आणि चाकच धोंड्यावर चढवतो. गोळा कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे. तुम्हाला ती कला शिकायची गरज नाही, तुमच्याकडे चकती आहे.

पुढच्या चाकांचं काय, असं कुणी विचारलं तर विषय बदला. थारची पुढची चाकं स्वतंत्र, त्यामुळे तिथे गोळा वर जातो खरा, पण चाकापर्यंत जोर नेणारे दांडे वाकड्या कोनात फिरायला लागतात. मग त्या दांड्यांच्या सांध्याचा, सीव्ही जॉइंटचा, रबरी बूट चिरतो, ग्रीस बाहेर, आपली लाल माती आत. जुलैपर्यंत आतून कटकट असा आवाज येतो. टेप मोठ्यानं लावा. जिम्नीत दुसरी मजा, अॅक्सलचा कोन बिघडला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. त्यावर आणखी एक डॅम्पर लावून घ्या म्हणजे दुखणं झाकलं जाईल.

स्नॉर्कल, म्हणजे पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा देणारं नळकांडं, लावाच. मॉलचं बेसमेंट कधी भरेल सांगता येत नाही.

गाडी टू-व्हील ड्राइव्ह, म्हणजे दोनच चाकांना जोर देणारी, निघाली तर? खचू नका. २०२३ पासून थारही तशी मिळते. लिफ्ट दुप्पट करा, मागे 'फोर बाय फोर' लिहून घ्या आणि चिखल दिसला की फोन आल्याचं नाटक करा.

डिफरन्शियल लॉक नावाची वस्तू असते. एक चाक हवेत लटकलं की साधं डिफरन्शियल सगळा जोर त्याच चाकाला देतं, ते बिचारं गरगर फिरत बसतं. लॉक असेल तर जमिनीवरचं चाकही ओढतं. अडकलेली गाडी चिखलातून काढायला लिफ्टपेक्षा हे कितीतरी जास्त कामाचं. पण ते बाहेरून दिसत नाही, तेव्हा सोडा.

टायरातली हवा कमी करणंही सोडा. वाळूत हवा १५-१८ पीएसआयवर आणली की टायर पसरतो आणि गाडी तरंगल्यासारखी चालते. खर्च शून्य, म्हणून त्यात प्रतिष्ठा नाही. तसं गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेणं हाच गुन्हा आहे, पण तुम्ही मोरजीलाच जा, जिथे कासवं अंडी घालायला येतात. रुतलेल्या गाड्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या पोटावर पाय का आणावा?

कायद्याची चिंता नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाला धरून नसलेला बदल चालणार नाही. दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आहे. विम्याच्या माणसाला अपघातानंतर हे सगळं एकदम आठवतं. नाकापुढचे लोखंडी बुलबार तर केंद्रानं २०१७ मध्येच काढायला सांगितले होते. मग ते तुमच्या गाडीवर कसे? मलाही हाच प्रश्न आहे.

आता फोर व्हील कधी लावावं. नेहमी! डांबरावर, काँक्रीटवर, सिग्नलला. लिव्हर आहे ना, मग ओढा.

भाऊबीजेला संध्याकाळी साडेसहाला मी रायबंदरच्या फेरीच्या रांगेत होतो. चोडणला धाकट्या बहिणीनं फोव, म्हणजे पोहे, करून ठेवले होते, रोसातले, दुधातले, बटाट्याचे, दरवर्षीसारखे. मागे एक उंच काळी गाडी आली. तिच्या टपावर दिव्यांची पट्टी, लग्नाच्या मांडवाला पुरेल एवढी. ती पट्टी माझ्या आरशात. रांगेत, उभ्या गाडीत, अंधार पुरता पडलेलाही नसताना! मी हात बाहेर काढून विनंती केली. त्यानं हॉर्न दिला. मी आरसा फिरवला, तर पट्टी बाजूच्या आरशातून. शेवटी मी डोळ्यांवर रुमाल धरून बसलो, आणि आत मुलं "बाबा, आत्याकडे कधी पोचणार" करत होती.

बोट लागली. या वीरानं रांग मोडली, मला ओलांडून उतारावर गाडी घातली आणि आत घुसण्यासाठी स्टिअरिंग पार वळवलं. गाडी करकरली. आचके देत आडवी थांबली. उतारासाठी म्हणून यानं फोर व्हील लावलं होतं. कोरड्या काँक्रीटवर. या गाड्यांना पुढच्या-मागच्या चाकांमध्ये सेंटर डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि लिव्हरनं दोघांना एकत्र बांधलेलं. चिखलात चाक घसरून हिशेब मिटवतं. काँक्रीटवर घसरायला जागा नाही, मग सगळा पीळ गिअरांत साठतो आणि लिव्हर जागचा हलत नाही. हा पठ्ठ्या दोन्ही हातांनी लिव्हर ओढतोय, शेजारी बसलेला मोबाइलमध्ये शोधतोय, आणि अर्धी बोट रिकामी. वीस-पंचवीस स्कूटरवाले बाजूनं वाट काढत आत गेले. आम्ही गाडीवाले बघत राहिलो. बोट गेली.

लहानपणी ऐकलेला उंटावरचा शहाणा आठवला. रांजणात अडकलेलं म्हशीचं डोकं सोडवायला आला आणि आधी उंट आत यावा म्हणून घराची भिंत पाडायला लावली.

पुढच्या बोटीच्या वेळी धक्क्यावरचा एक खलाशी आला, विडी कानावर ठेवून. काचेवर टकटक केली. "पात्रांव, चाकां नीट कर आनी फाटीं घे मरे इल्लें." स्टिअरिंग सरळ, गाडी दोन हात मागे. पीळ सुटला, लिव्हर लोण्यातून सुरी फिरावी तसा आला. वरच्या माणसानं खाली बघून आभारसुद्धा मानले नाहीत. खाली बघायची सवय राहिलेली नसते.

बस झाला उपरोध. जमत नाहीये मला.

गेल्या आठवड्यात सकाळी सहाला आमच्या वाड्यावरच्या वळणावर असल्याच एका गाडीनं पाव विकणाऱ्या पोदेराला सायकलसकट गटारात घातलं. धडक नाही दिली. फक्त सरळ येत राहिला, कारण त्याला तो दिसलाच नाही. बॉनेट एवढं वर नेलंत की पुढ्यातला सायकलवाला, पोर, कुत्रं, काही दिसत नाही तुम्हाला. पाव गटाराच्या पाण्यात तरंगत होते आणि पोदेर गुडघा धरून बसला होता. तुम्ही थांबलाही नाहीत. आमचे रस्ते दोन गाड्या जेमतेम पास होतील एवढे, दोन्ही बाजूंना चिऱ्याची गडगी, कुठे जायचं माणसानं? रानात जायचं असेल तर जा ना. सत्तरी तालुक्यात कुणाची परवानगी लागते ते आधी विचारा, पाच माणसं सोबत घ्या, हवा कमी करा, चाक दगडावर चढवायला शिका. त्याला लिफ्ट लागली तर नीट किट घाला, आरटीओत विचारून घाला. कुणाची हरकत नाही. पण तुम्ही रानात जात नाही. तुम्ही आमच्या दारातून जाता, रात्री अकराला, टपावरची पट्टी लावून. समोरून म्हातारा मेस्त्री स्कूटरवरून येत असतो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला. तो आंधळा होऊन गडग्याला टेकतो, तुम्ही निघून जाता.

ती पट्टी काढा. उद्या नको, आजच. पाना नसेल तर माझ्याकडून घेऊन जा.