आईचा छंद : कपड्यांच्या घड्या घालणे

लेकीच्या दप्तरातून आज एक कागद निघाला. वर 'माझं कुटुंब' असं छापलेलं आणि खाली रिकाम्या जागा भरायच्या. बाबांचा छंद – फोटो काढणे. (शेवटचा फोटो कधी काढला ते देवाला माहीत, कॅमेऱ्याची बॅटरी फुगून बसलीय, पण असू दे.) दादाचा छंद – सायकल. माझा छंद – चित्रं काढणे आणि झोपणे. आईचा छंद – कपड्यांच्या घड्या घालणे.

घड्या!!

आणि खाली बाईंचा लाल पेनचा शेरा. 'छान'.

नवरा हसला. मोठ्याने नाही, पण हसला, मी पाहिलं. "अगं लहान आहे ती, जे दिसतं ते लिहिलं तिने" म्हणाला आणि तिथेच माझं डोकं फिरलं, कारण बरोबर होतं त्याचं. चुकीचं बोलणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

मी लेकीला विचारलं, अगं घड्या घालणं हा काय छंद असतो का? तर म्हणे, "पण तू रोज करतेस की. आणि करताना गाणं पण म्हणतेस." अगं बाई, घड्या घालाव्या लागतात म्हणून गाणं म्हणते मी!

आता काही जणींना घड्या घालायला मनापासून आवडतं, सगळ्या कडा जुळल्या की बरं वाटतं वगैरे, मान्य. असेल तुमचा छंद. माझा नाहीये.

माझा छंद क्रोशा आहे. तुमच्यातल्या किती जणांना माहितीय? पाच-सहा जणांना असेल. लेकीच्या जन्माच्या आधीपासून विणतेय मी, तिला पहिल्यांदा गुंडाळून घरी आणलं ते पांघरूण माझ्या हातचं आहे, आणि तिला पत्ताच नाही की तिची आई काही विणते बिणते.

माझ्या आईचा छंद मात्र मला पक्का माहीत होता. शाळेच्या कागदावर कुणी विचारलं नाही कधी, पण विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं. दुपारचं सगळं आटोपलं की आई खिडकीपाशी बसायची, मांडीवर लोकरीचा गुंडा, हातात क्रोशाची सुई, आणि त्या वेळात तिला हाक मारली तर एकच उत्तर यायचं. "थांब, मोजतेय." घराला आग लागली असती तरी आधी ओळ पुरी झाली असती बहुतेक.

मी तिसरीत असताना एक कारस्थान केलं होतं. काड्यापेट्यांचा टेलिफोन करायचा होता. दोन पेट्या, मधे दोरा, एकाने इकडून बोलायचं, दुसऱ्याने तिकडे कान लावायचा. दोरा कुठून आणायचा? आई आत झोपली होती आणि खुर्चीवर तिची शाल. आकाशी रंगाची, निम्म्याहून जास्त झालेली. एक टोक मोकळं दिसलं, ओढलं. ज्यांनी क्रोशा उसवलाय त्यांना ते सुख ठाऊक आहे, सर्रकन येतं हो, अडकत नाही, गाठ नाही, ओळीच्या ओळी मावळत जातात आणि हातात कुरळी लोकर जमत राहते. मी टेलिफोन विसरूनच गेले. नुसती ओढत राहिले.

आई उठली तेव्हा शालीचा रुमाल झाला होता.

पुढचं सांगते, पण आधी हे सांगायला हवं की क्रोशा असा सहज का उसवतो, कारण माझं सगळं रडगाणं तिथेच आहे. दोन सुयांवरचं विणकाम असतं ना, स्वेटरचं, त्यात एका ओळीचे सगळे टाके सुईवर जिवंत असतात, साठ असतील, शंभर असतील. अर्ध्यावर टाकून पळालात आणि सुई निसटली की बसा टाके पकडत. क्रोशाच्या सुईवर बहुतेक वेळा एकच टाका असतो. मागचं सगळं बंद, पुढचं अजून झालेलं नाही, आणि मधे तो एकुलता एक फास. दाराची बेल वाजली, फोन आला, कुणी पडलं, कुणाला पाणी हवंय, कुणाचा मोजा सापडत नाहीये, की त्या फासात सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. तासाने या, तीन महिन्यांनी या, तो तिथेच असतो. मला विचाराल तर ज्या बाईला सलग वीस मिनिटं मिळत नाहीत तिच्यासाठीच हे काम आहे. पण पिन लावायला विसरलात की कुणाही तिसरीतल्या पोरीने ओढावं आणि संपलं.

तर आई उठली. मी भिंतीला चिकटून उभी. तिने मांडीवर ती सगळी कुरळी लोकर घेतली, सुई शोधली (माझ्या पायाखाली होती), आणि विचारलं, "काय करत होतीस?" मी पेट्या दाखवल्या. मला वाटलं आता पाठीत धपाटा. तर आई म्हणाली, "लोकर चालत नाही त्याला. ताणते. दोरा ताठ लागतो." उठली, शिवणाच्या डब्यातून सुती दोरा काढून दिला, पेटीच्या आत काडीचा तुकडा बांधून दाखवला म्हणजे दोरा निसटत नाही. मग बसून गुंडा करायला लागली.

तेव्हा मला वाटलं, हिला काही वाटलंच नाही. टाइमपासच तर होता.

आणि या शब्दावरून मला आत्ता परत राग यायला लागलाय. टाइमपास. मागे एका समारंभात मी कोपऱ्यात विणत बसले होते तर एक लांबच्या नातेवाईक म्हणाल्या, "बरा वेळ मिळतो गं तुला." त्यांचा मुलगा शेजारीच मोबाईलवर गेम खेळत होता, त्याला कुणी नाही म्हटलं वेळ मिळतो. तो तर स्ट्रेस घालवत होता म्हणे! आणि क्रोशा मात्र टाइमपास? १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं, दुष्काळ पडला, लोक देश सोडून चालले, तेव्हा तिथल्या कितीतरी बायकांनी ही क्रोशाची लेस विणून घरं चालवलीत. आणि ज्यांना गणित म्हणजेच काय ते डोकं असं वाटतं त्यांच्यासाठी, डायना तायमिना म्हणून गणितज्ञ आहेत, मूळच्या लॅटव्हियाच्या, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होत्या, त्यांनी १९९७ मध्ये हायपरबोलिक भूमितीचं (म्हणजे सपाट न बसता कडेकडेला झालरीसारखा पसरत जाणाऱ्या पृष्ठभागाचं) मॉडेल बनवलं ते क्रोशाने. कागदाची मॉडेल्स हाताळली की फाटायची, ही हातात घ्या, चुरगाळा, काही होत नाही.

त्यातली युक्ती तर माझ्या घरात दर आठवड्याला होते, चुकून. गोल विणायचा तर पहिल्या फेरीत १२ खांब (क्रोशातले उंच टाके), दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन म्हणजे २४, मग एक सोडून एकात दोन म्हणजे ३६, पुढे ४८. असं नेमकं वाढवलं तर गोल सपाट बसतो. कमी वाढवलं तर वाटीसारखा वर उचलतो, जास्त वाढवलं तर कडेला झालर येते. जास्तच वाढवत गेलं की तेच हायपरबोलिक! त्यांनी मुद्दाम केलं, माझं "आई माझी वही कुठाय" मुळे होतं. ३१ झाले होते का ३३? चला, देऊ एक ठोकून. एवढाच फरक.

बरं झालं, जरा हसू आलं.

पण मुद्दा हा नाहीये. मी मघापासून शाळेवर, नवऱ्यावर, त्या लांबच्या बाईंवर तोंडसुख घेतेय आणि खरं कारण टाळतेय. लेकीला माझा छंद का माहीत नाही? कारण मी तो तिच्यासमोर करतच नाही. रात्री सगळे झोपले, भांडी झाली, उद्याचं दप्तर झालं, ऑफिसचं शेवटचं मेल गेलं, की अकरा-सव्वाअकराला मी आतल्या खोलीतला छोटा दिवा लावून बसते. कपाटात साड्यांच्या मागे पिशवी आहे. साड्यांच्या मागे! मी काय दारू पिते? नवीन लोकर घेतली तरी बिल पर्समधे घडी करून ठेवते. कुणी विचारलेलं नाही, कुणी नको म्हटलेलं नाही, मीच आपली चोरासारखी. दिवसा कुणासमोर बसले की वाटतं आता कुणीतरी म्हणेल, बसलीय बघा. कोण म्हणेल? माहीत नाही. कुणी म्हणत नाही. नवरा तर दोनदा म्हणाला, बस की हॉलमध्ये, मी बघतो मुलांचं. (बघतो तो, हे लिहायलाच हवं, नाहीतर उद्या माझ्यावरच पोस्ट येईल.) पण तो बघत असताना मी घड्या घालते. कारण घड्या घालताना बसलेलं चालतं.

तुमच्यातल्या बायकांना हे समजावायची गरज नाही. 'मी-टाइम' काढा असं सांगणारे ते फॉरवर्ड मात्र प्लीज इथे चिकटवू नका. मी-टाइम म्हणजे काय तर सगळे झोपल्यावर उरलेला, डोळे चुरचुरताना मिळणारा वेळ. उरलंसुरलं. मला नकोय ते. हो, काही घरांमधे तेवढाही मिळत नाही, त्यांच्यापुढे माझी तक्रार म्हणजे चोचले आहेत, ठीक आहे, आहेत चोचले.

मगाशी आईला फोन लावला. म्हटलं, आई, ती आकाशी शाल आठवते का, मी उसवलेली, टेलिफोनसाठी? आई म्हणाली, "छे, काही आठवत नाही बाई. किती काय काय उसवायचात तुम्ही." मला जरा वाईटच वाटलं. इतकी वर्षं मी ती गोष्ट मनात घेऊन फिरतेय आणि हिच्या गावीही नाही. मग इकडचं तिकडचं बोललो, गुडघे, औषधं, कामवाली. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आकाशी नव्हती ती. मोरपंखी होती. आणि चौसष्ट ओळी झाल्या होत्या."

चौसष्ट.

म्हणजे वाटलं होतं तिला. चांगलंच वाटलं होतं. मी विचारलं मग ओरडली का नाहीस, तर म्हणे ओरडून काय ओळी परत येणार होत्या? आणि हे लगेच जोडलं, की उसवलेली लोकर तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात, तिची लड करून, ओली करून, सरळ होईपर्यंत वाळत टाकावी लागली, दोन दिवस गेले त्यात. त्याचा राग अजून आहे असं वाटलं मला. चौसष्ट ओळींपेक्षा त्या दोन दिवसांचा!

पण दोन दिवसांनी ती परत खिडकीपाशीच बसली होती. दुपारी. सगळ्यांसमोर. रात्री लपून नाही. आजी घरात होती, शेजारपाजारच्या यायच्या, कुणी काय म्हणत असेल नसेल, "थांब, मोजतेय" म्हणायची आणि मान वर करायची नाही. माझ्या आईला नोकरी नव्हती, तिचा दिवस वेगळा होता, हे मला कुणी सांगू नका, कळतं मला. पण कामं तिलाही कमी नव्हती आणि दुपार तिला कुणी ताटात वाढून दिली नव्हती. ती बसायची म्हणून ती तिची झाली. मला हे कळायला एक शाळेचा कागद लागला, त्यावर लाल पेनने छान लिहिलेला.

लेक मघाशी खोडरबर घेऊन आली होती. माझं तोंड बघून घाबरली असावी बिचारी. "आई, मी बदलू का? काय लिहू?" मी म्हटलं राहू दे. खोडून मी सांगेन ते लिहिलं तर ते माझं उत्तर झालं, तिचं कुठे.

तर आत्ता संध्याकाळचे सात वाजलेत आणि मी हॉलमध्ये, सोफ्यावर, दिव्याखाली बसलेय. साड्यांच्या मागची पिशवी बाहेर आलीय. मोठा विचारून गेला, आई हे काय, कुणाचं आहे? कुणाचं आहे म्हणे! लेक शेजारी बसलीय, गुंड्याचं टोक बोटाला गुंडाळतेय, अधूनमधून हळूच ओढून बघतेय, आणि माझा जीव वरखाली होतोय कारण सेफ्टी पिन सापडत नाहीये आणि एका हाताने हे टाइप करतेय.

वॉशिंग मशीन थांबलंय, वाजतंय कधीचं. घड्या घालायला आज कुणीतरी दुसरं बघा. चुका असतील पोस्टमधे, वाचून बघणार नाहीये. कुणीतरी आतून हाक मारतंय.

थांब. मोजतेय.