तिसरा कोण, ते आधी सांगा

वाद पेटवला वैशूने. ती फ्रेंच शिकवते. तिच्या वर्गातल्या पोरांनी २०२७च्या फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीवर प्रकल्प घेतलाय आणि त्यांचा प्रश्न सरळ आहे : दुसऱ्या फेरीत कोणते दोघं जाणार हे आधी सांगता येतं का? अध्यक्ष मॅक्राँच्या सलग दोन मुदती झाल्यात, त्यांना या वेळी उभं राहता येत नाही. मैदान मोकळं आहे.

प्रश्न पडायचा अवकाश, पम्याने मोबाइल काढला. "यात अवघड काय आहे? ढीगभर चाचण्या येतात. सरासरी काढायची, वरची दोन नावं उचलायची. संपलं."

"चाचण्या!" नाना उसळलेच. "२०२४च्या लोकसभेला चॅनेलवाले एनडीएला साडेतीनशे ते चारशे देत होते. आल्या किती? २९३. आणि तू मला फ्रान्सचं सांगतोस."

नानांचा राग मला समजतो, त्या निकालाच्या दिवशी आम्ही सगळे इथेच होतो. पण सर म्हणाले ते जास्त महत्त्वाचं. सरांनी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. "नाना, आपल्याकडे मतांवरून जागा काढाव्या लागतात. मतांचा अंदाज थोडा हुकला की जागा धडाधड हलतात. फ्रान्समध्ये ती भानगडच नाही. अख्खा देश एक मतदारसंघ. मत म्हणजे मत."

"मग तर सोपंच झालं की."

"नाही ना. तिथे सगळं एकाच ठिकाणी अडतं. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याच्या वर मतं नसली, आणि तिथे ती कधी मिळतच नाहीत, तर पहिले दोघे दोन आठवड्यांनी समोरासमोर. पहिला कितीने पहिला आला याला किंमत नाही. दुसरा आणि तिसरा यांच्यात किती अंतर, तेवढंच बघायचं. चाचणीवाले मात्र आपल्याला पहिला कोण ते सांगत बसतात."

मग वैशूने २००२ काढलं. ते निघणारच होतं.

२१ एप्रिल २००२. सोळा उमेदवार. अध्यक्ष जाक शिराक पुन्हा उभे, त्यांच्यासमोर पंतप्रधान लिओनेल जोस्पँ, समाजवादी. अंतिम सामना या दोघांचाच, हे सगळ्या देशाने गृहीत धरलेलं. वर्तमानपत्रं कित्येक महिने शिराक विरुद्ध जोस्पँ याच लढतीचे आकडे छापत होती. रात्री आठला टीव्हीवर चेहरे झळकले : शिराक आणि अतिउजवे जाँ-मारी ल पेन. शिराक १९.८८ टक्के, ल पेन १६.८६, जोस्पँ १६.१८. दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक १,९४,६०० मतांचा. त्याच रात्री जोस्पँनी राजकारणातून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं.

"बघा!" नाना म्हणाले. "आणि चाचण्या काय सांगत होत्या?"

"शेवटच्या आठवड्यात जोस्पँ साधारण १८, ल पेन १४च्या आसपास," वैशू म्हणाली.

पम्या म्हणाला, "चार टक्क्यांचा फरक म्हणजे चुकीच्या मर्यादेतच येतो. प्रत्येक चाचणीला अधिक-उणे तीन असतंच. नशीब."

सरांना हे पटलं नाही. त्यांनी लाइटबिलाचं पाकीट उलटं केलं आणि आम्हाला हिशोब करून दाखवला. तो इथे पूर्ण देतो, कारण एवढ्या चर्चेत खरी हातात धरण्यासारखी गोष्ट हीच होती.

समजा, हजार लोकांना विचारलं. १८० म्हणाले जोस्पँ, १४० म्हणाले ल पेन. फरक चाळीस माणसांचा. नुसतं कोण माणसं हाती लागली या योगायोगाने हा फरक किती हलेल? दोघांची बेरीज करा, ३२०. तिचं वर्गमूळ जवळपास १८. त्याची दुप्पट ३६. म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव वेळा खरा फरक चार ते शहात्तर माणसांच्या मध्ये कुठेतरी. एका चाचणीपुरतं बोलायचं तर जोस्पँ जेमतेम सुरक्षित. आता तशाच पाच चाचण्या एकत्र करा. ९०० विरुद्ध ७००, फरक २००. बेरीज १६००, वर्गमूळ ४०, दुप्पट ८०. दोनशेचा फरक ऐंशीने हलून हलून किती हलणार?

"म्हणजे पम्या, तू म्हणतोस ती सरासरी काढली की योगायोग जवळपास संपतो," सर म्हणाले. "आणि तरीही निकाल उलटा लागला. मग चूक कुठली? जी पाचही चाचण्यांत सारखीच होती ती. सरासरी काढून ती जात नाही. उलट सगळे आकडे एकमेकांशी जुळले की आपण जास्तच निर्धास्त होतो."

पम्या गप्प बसणाऱ्यातला नाही. पण इथे त्याने विचारलं ते नेमकं होतं : "सारखी चूक येते कुठून?"

वैशूने दोन कारणं सांगितली. एक, ल पेनला मत देणार असं तेव्हा अनोळखी माणसाला सांगायला बरेच जण कचरायचे. चाचणीवाल्यांना ते ठाऊक होतं, म्हणून मागच्या वेळी कुणाला मत दिलं होतं हे विचारून ते कच्चा आकडा वर चढवायचे. किती चढवायचा हा शेवटी माणसाचा निर्णय, आणि सगळ्यांचे निर्णय एकमेकांच्या आजूबाजूला फिरतात. दुसरं, कल. शेवटच्या आठवड्यांत ल पेन वर सरकत होता आणि जोस्पँ खाली. चाचणी हा त्या दिवसाचा फोटो असतो. दोन रेषा एकमेकींकडे येताना दिसत असतील तर फोटोतल्या अंतरावर विसंबून कसं चालेल?

"आणि तिसरं कारण मी सांगतो," पम्या म्हणाला. "डाव्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. क्रिस्तियान तोबिरा उभी राहिली, ६,६०,४४७ मतं घेऊन गेली. शव्हेनमाँने पंधरा लाखांवर खाल्ली. यातला एक जरी बसला असता तरी जोस्पँ आत होता."

यावर वैशू खरोखर चिडली. आणि मला वाटतं तिचं चिडणं रास्त होतं.

"खाल्ली म्हणजे काय? ती काय जोस्पँच्या ताटातली होती? तोबिरा फ्रेंच गयानाची खासदार, तिला ज्यांनी मत दिलं त्यांना ती हवी होती. पहिल्या फेरीत मनातल्या माणसाला मत द्यायचं, दुसऱ्या फेरीत दोघांतल्या बऱ्याला, ही तिथली रीतच आहे. त्या लोकांना रोज सांगितलं जात होतं की जोस्पँ दुसऱ्या फेरीत आहेच. त्यांनी ते खरं मानलं आणि मनासारखं मत दिलं. जे घरी बसले त्यांनीही खरंच मानलं. अठ्ठावीस टक्क्यांहून जास्त लोक मतदानाला गेलेच नाहीत. दोष द्यायचाच तर ज्यांनी दुसरी फेरी आधीच लावून टाकली त्यांना द्या."

मी वैशूच्या बाजूचा आहे, आणि माझं मत तिच्याही पुढे जातं. चाचणीत आकडा चुकला, ते समजू शकतं. पण ज्या लढतीची खात्री नाही त्याच एका लढतीचे आकडे महिनोन्‌महिने छापायचे, बाकीच्या जोड्यांबद्दल लोकांना विचारायचंही नाही, हे त्याहून वाईट. वाचणाऱ्याच्या मनात तिसऱ्या माणसाला जागाच उरत नाही. पुढे १ मेला दहा लाखांहून जास्त लोक रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्या फेरीत शिराकना ८२.२१ टक्के मिळाले. म्हणजे ल पेन नको असणारे लोक देशात भरपूर होते. पण पहिल्या फेरीचं मत परत टाकता येत नाही.

नानांनी इथे आपल्याकडचा दाखला दिला आणि तो चपखल होता. "आपल्या पदवीधर मतदारसंघात कसं, एक, दोन, तीन लिहितो. तोबिराला एक, जोस्पँला दोन, असं लिहिता आलं असतं तर हे घडलंच नसतं." सरांनीही मान डोलावली. पण वैशूच्या पोरांना पद्धत बदलायची नाहीये, आहे त्या पद्धतीत अंदाज बांधायचाय.

पम्याने मग २०१७ पुढे केलं. एमान्युएल मॅक्राँ २४.०१, जाँ-मारींची मुलगी मरीन ल पेन २१.३०, फियों २०.०१, मेलाँशाँ १९.५८. चौघे साडेचार टक्क्यांत, आणि तरी चाचण्यांनी क्रम बरोबर सांगितला होता. हे खरं आहे आणि नानांना ते मान्य करायला लावलं पाहिजे. चाचण्या नेहमी चुकतात हे म्हणणं चाचण्या नेहमी बरोबर येतात याइतकंच आळशी.

पण २०२२मध्ये काय झालं ते मला जास्त शिकवून जातं. शेवटच्या चाचण्यांत मॅक्राँ २६-२७, मरीन ल पेन २३च्या आसपास, जाँ-लुक मेलाँशाँ साधारण १७. प्रत्यक्षात मॅक्राँ २७.८५, ल पेन २३.१५. दोन्ही आकडे झकास जमले. मेलाँशाँ मात्र २१.९५! दुसऱ्या-तिसऱ्यात सहा टक्क्यांची दरी दिसत होती, ती मतपेटीत जेमतेम सव्वा टक्का निघाली. ४,२१,३०८ मतं. आणि कम्युनिस्ट रुसेलला ८,०२,४२२ पडली होती.

"हे २००२च्या बरोबर उलटं आहे," सर म्हणाले. "तेव्हा लोकांना वाटलं आपला माणूस आत आहेच, म्हणून मतं विखुरली. आता लोकांनी चाचण्या वाचल्या, डाव्यांतला एकटा हाच तिसरा येतोय हे बघितलं, आणि शेवटच्या दिवसांत बाकीच्यांना सोडून त्याच्याकडे धावले. दोन्ही वेळा अंदाजानेच मत हलवलं. हवामानखात्याने पाऊस सांगितला म्हणून ढग दिशा बदलत नाहीत. मतदार बदलतो."

"मग छापायलाच बंदी घाला," नाना म्हणाले. तिथे पूर्वी आठवडाभराची बंदी होती, ती २००२च्या फेब्रुवारीत कायदा बदलून मतदानाचा दिवस आणि त्याच्या आदला दिवस एवढीच ठेवली गेली, असं वैशूने सांगितल्यावर तर नानांना जोरच चढला. मी विरोध केला आणि अजूनही करीन. पेरूमध्ये शेवटच्या आठवड्यात चाचण्या छापता येत नाहीत. २०२१मध्ये तिथे अठरा उमेदवार होते. खेड्यातल्या शाळेचा मास्तर पेद्रो कास्तियो, महिनाभर आधी पाच टक्क्यांच्या आत होता. पहिल्या फेरीत १८.९२ टक्के घेऊन तो पहिला आला, केइको फुजिमोरी १३.४१वर दुसरी. बंदीमुळे लोक शहाणे झाले असं तिथे कुठे दिसलं? ऐन वेळी काय हलतंय हे बहुतेकांना दिसलंच नाही, एवढंच.

शेवटी सरांनी जे सुचवलं ते मला मनापासून पटलं. वैशूच्या पोरांनी उमेदवारांची क्रमवारी लावायचीच नाही. जोड्या लिहायच्या. चार दमदार उमेदवार असले तर जोड्या सहा होतात. शंभर गुण घ्यायचे आणि सहा जोड्यांत वाटायचे. यात एक खुबी आहे. एकेका उमेदवाराची शक्यता वेगळी काढून गुणाकार केला तर उत्तर हमखास चुकतं, कारण एकाची मतं वाढतात ती शेजाऱ्याकडून येतात. दोन डावे असतील तर एक फुगला की दुसरा आक्रसतो, दोघं मिळून दुसऱ्या फेरीत जाणं जवळपास अशक्य. जोडी लिहिली की हे सगळं आपोआप डोळ्यांसमोर येतं. आणि दर आठवड्याला गुण बदलायचे, जुना कागद फाडायचा नाही.

पम्याला हे आवडलं. तो लगेच रकाने आखायला लागला. तेवढ्यात नानांनी विचारलं, "आणि रुमानिया?"

२०२४चा नोव्हेंबर. एक्झिट पोलमध्ये पंतप्रधान चोलाकू पहिले. मतमोजणीत कालिन जॉर्जेस्कू २२.९४ टक्के घेऊन पहिला, एलेना लास्कोनी १९.१८, चोलाकू १९.१५. दुसऱ्या-तिसऱ्यात फक्त २,७४० मतं! जॉर्जेस्कूचा प्रचार मुख्यतः टिकटॉकवर झाला. पुढे ६ डिसेंबरला तिथल्या घटना न्यायालयाने अख्खी निवडणूकच रद्द केली, पण तो वेगळा विषय. नानांचा मुद्दा हा, की जॉर्जेस्कू-लास्कोनी ही जोडी पम्याच्या रकान्यात असती का?

नसती. हे पम्यानेच कबूल केलं.

म्हणून कागदावर सातवी ओळ आली : 'वरच्यांपैकी एकही जोडी नाही'. तिला किती गुण द्यायचे यावर मात्र एकमत झालं नाही. सर म्हणाले फ्रान्समध्ये नवा उमेदवार एकदम उगवत नाही, उभं राहायलाच निवडून आलेल्या पाचशे लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात, तेव्हा दहा पुरेत. नाना पंचवीसच्या खाली यायला तयार नाहीत. वैशू म्हणाली, आत्ता पंचवीस आणि मतदान जवळ येईल तसं कमी करत जाऊ. १९९५ला जानेवारीत तेव्हाचे पंतप्रधान बालादूर चाचण्यांत सगळ्यांच्या पुढे होते आणि एप्रिलमध्ये तिसरे आले, हे तिने आठवण करून दिल्यावर सरही वीसपर्यंत चढले. मी वैशूच्या पंचवीसवर सही केली. पम्याने अजून केलेली नाही.