टॅटूबंदी घालायची तर घाला, पण पैसे घेण्याआधी सांगा की!

जपानच्या बऱ्याच ओन्सेन, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याच्या, हॉटेलांत अंगावर टॅटू असलेल्यांना मोठ्या सामायिक स्नानगृहात घेत नाहीत. बरं, नका घेऊ. तुमचं हॉटेल, तुमचं पाणी. डोकं फिरतं ते नियमामुळे नाही, तो नियम ज्या कोपऱ्यात दडवून ठेवतात त्यामुळे. वेबसाइट उघडली की वाफाळत्या कुंडाचे फोटोच फोटो, रात्रीच्या जेवणातल्या खेकड्याचे वेगळे. आणि टॅटूबद्दलचं ते एक वाक्य? सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, कित्येकदा फक्त जपानी पानावर. नाहीतर थेट कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर! तोवर बुकिंग रद्द करायची मुदत उलटून गेलेली असते. वर बिलात स्नानकर लागतो, बहुतेक गावांत माणशी 150 येन. ज्या पाण्यात पाय बुडवू दिला नाही त्याचाही कर भरा!

कारण काय, तर याकुझा. टोळीवाल्यांच्या अंगभर टॅटू असतात आणि बाकीची गिऱ्हाइकं बिचकतात. गोंदवण्यावर सरकारी बंदी होती ती 1872 पासून, आणि ती 1948 मध्ये उठली. आज जे चाललंय तो ज्याच्या त्याच्या हॉटेलचा नियम आहे. जपानच्या पर्यटन संस्थेनं 2015 मध्ये पाहणी केली, सुमारे 600 ठिकाणांनी उत्तरं दिली. 56 टक्के ‘नाही’ म्हणाले, 31 टक्के ‘या’, 13 टक्के ‘झाकून या’. म्हणजे जवळजवळ निम्म्या ठिकाणी काही ना काही सोय होती. ती कुठल्या ठिकाणी, हे शोधायचं मात्र गिऱ्हाइकानं!

आणि ‘आमचं पारंपरिक आहे हो, आजीच्या हातावरचं गोंदण आहे’ हे चालेल या भ्रमात राहू नका. 2013 मध्ये होक्काइडोत एका माओरी पाहुणीला तिच्या चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे ओन्सेनमध्ये जाऊ दिलं नाही. दंडावर राजमुद्रा असो, मनगटावर ॐ असो नाहीतर कपाळावरचं हिरवं गोंदण, काउंटरवरच्या माणसाला नियम एकच ठाऊक असतो.

आता ती ‘झाकून या’वाली थोर सोय. एका मोठ्या हॉटेल साखळीनं 2015 मध्ये स्टिकर द्यायला सुरुवात केली, आकार 8 बाय 10 सेंटिमीटर. मनगटावरच्या अक्षरांना पुरेल, पण अर्ध्या हातभर टॅटू असेल त्यानं काय करायचं? दोन स्टिकर एकावर एक सरकवून लावले की पाणी जोडातूनच शिरतं. रंग म्हणाल तर फिकट बदामी. आपल्या सावळ्या दंडावर तो भिंतीला मारलेल्या पुट्टीसारखा उठून दिसतो, म्हणजे झाकायला जावं तर लक्ष जास्तच वेधलं जातं. आणि लावायचा कसा हे धड कुणी सांगत नाही. कातडी कोरडी ठक्क हवी. तेल, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन काहीही नको, केस असतील तर आधी काढा. मधून कडेकडे दाबत न्या, कडा अर्धा मिनिट धरून ठेवा आणि मग निदान पंधरा मिनिटं पाणी लावू नका. पाण्यात उतरण्याआधी अंग धुवावंच लागतं, तेव्हा त्या जागेवर साबण चोळायचा नाही, वरून हलकं पाणी सोडायचं. एवढं करूनही 40-42 अंशांच्या पाण्यात घाम सुटला की कडा वळायला लागतात, म्हणून दहा मिनिटांत बाहेर या.

टॉवेल गुंडाळून बसू म्हणाल, तर टॉवेल पाण्यात बुडवायचा नसतो. स्विमसूट किंवा फुल बाह्यांचा टीशर्ट तर मुळीच नाही, तिथं विवस्त्रच उतरतात. (वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर कपड्यांसकट उतरायची सवय असलेल्यांना आधी हाच धक्का बसतो, टॅटू नंतर.) क्रेप बँडेज गुंडाळलं तर जखम आहे समजून परत पाठवतील, आणि ते रास्तच आहे. टॅटू नवा असेल तर त्या पाण्याचं नावच काढू नका. तीन-चार आठवडे तरी जाऊ द्या, कातडी पूर्ण भरू द्या. कुसात्सूसारख्या ठिकाणचं पाणी चांगलंच आम्लधर्मी आहे, ओल्या जखमेला ते सोडणार नाही.

मग म्हणतात, ‘खासगी बाथ घ्या ना!’ इथं तर खरी मेख आहे. खासगी म्हणजे दोन निराळ्या गोष्टी. एक ‘काशिकिरी’, म्हणजे ठरावीक वेळेपुरतं भाड्यानं मिळणारं कुंड. साधारण 45-50 मिनिटं, कुठं फुकट, कुठं दोन ते चार हजार येन. त्याची नोंदणी बऱ्याच ठिकाणी चेक-इनच्या वेळीच होते, आणि चेक-इन तीनला सुरू होतं. सहाला पोचलात की उरलीय ती रात्री अकराची वेळ, नाहीतर तीही नाही. दुसरी म्हणजे खोलीलाच जोडलेलं उघड्यावरचं कुंड, ‘रोतेनबुरो-त्सुकी’. भाडं सणसणीत वाढतं. आणि एवढे पैसे मोजून त्या टबात काय असतं? काही ठिकाणी चक्क नळाचं तापवलेलं पाणी! जपानी कायद्यात ओन्सेन म्हणवायला उगमाशी 25 अंश तापमान किंवा ठरलेल्या घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात लागतो. खोलीतल्या टबाबद्दल मात्र ‘लाकडी टब, डोंगराचं दृश्य’ एवढंच लिहितात. पाण्याबद्दल अवाक्षर नाही.

आपल्याकडचे सहलवालेही काही कमी नाहीत. जैन जेवण हवं का, कांदा-लसूण चालतो का, हे तीनतीनदा विचारतील. टॅटू आहे का, हे एकदाही नाही. कार्यक्रमपत्रिकेत ‘ओन्सेनचा अनुभव’ ठळक अक्षरात, आणि बस हॉटेलला लागते साडेसहाला, जेवण सातला. काशिकिरीच्या वेळा केव्हाच संपलेल्या!

तेव्हा पैसे भरण्याआधी हॉटेलला ईमेल टाका: ‘तातू गा आरिमासु गा, दाइयोकुजो नि हाइरेमासु का?’ (म्हणजे, अंगावर टॅटू आहे, मोठ्या स्नानगृहात येता येईल का?) खाली टॅटूची जागा आणि सेंटिमीटरमध्ये आकार लिहा. खोलीतल्या टबात ओन्सेनचं पाणी आहे का आणि काशिकिरीची वेळ आत्ताच राखता येईल का, तेही विचारा. उत्तर लेखी घ्या आणि फोनमध्ये ठेवा. ‘रात्री दोनला गुपचूप जाऊन येऊ’ हा शहाणपणा करू नका. पुष्कळ हॉटेलांत रात्रीतून बायकांचं आणि पुरुषांचं स्नानगृह अदलाबदल होतं, नको तिथं शिराल.

मनस्तापच नको असेल तर किनोसाकीला जा. गावातल्या सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो, फक्त प्रत्येकाचा सुट्टीचा वार वेगळा, तो बघून जा. आणि तिथंही मुक्कामाच्या हॉटेलच्या आतल्या स्नानगृहाचा नियम वेगळा असू शकतो, तो विचारावाच लागतो. मात्सुयामातलं दोगो ओन्सेन होनकान, 1894 ची इमारत, तिथंही अडवत नाहीत. बेप्पूनं तर 2019 च्या रग्बी विश्वचषकाच्या सुमारास टॅटू चालणाऱ्या 100 स्नानगृहांची यादीच काढली. एका अख्ख्या गावाला जमतं, आणि बुकिंगच्या साइट्सना एक चौकट टाकता येत नाही? कुत्रा आणता येईल का याला चौकट आहे, सायकल ठेवायला जागा आहे का यालाही आहे!